दात्याने काय द्यावे?

देवळाली कॅम्प ही मूळची लष्करी छावणी. इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा मुक्काम येथे पडे. आगबोटीची वाट पाहत ते दिवस मोजीत. त्या फौजेत आयर्लंडचे कॅथलिक तरुणही पुष्कळ असत. ज्या राजसत्तेच्या निशाणाखाली ते येथवर आले, तिच्याच कायद्यांनी एके काळी त्यांच्या पूर्वजांना विद्या वर्ज्य ठरविली होती. त्या काळातील नॅनो नेगल या आयरिश स्त्रीचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनात घर करतो : दात्याने नेमके द्यावे तरी काय?

नॅनो यांचा जन्म १७१८ साली कॉर्क परगण्यातील एका सधन घराण्यात झाला. कॅथलिकांना शाळा चालविण्यास मनाई होती. मुलांना शिक्षणासाठी परदेशी धाडणेही गुन्हा होता. तरीही त्या फ्रान्समध्ये शिकल्या. पुढे तेथेच व्रतस्थ होण्याचा त्यांचा मानस होता. परंतु मायदेशातील निरक्षर मुले डोळ्यांपुढून हलेनात. अखेर धर्मगुरूंचा सल्ला मानून त्या परतल्या आणि १७५४च्या सुमारास त्यांनी कॉर्क शहरात गुपचूप शाळा उघडली.

ही गोष्ट त्यांनी सख्ख्या भावापासूनही लपविली. एके दिवशी एक गरीब मनुष्य भावाकडे आला आणि आपल्या मुलाला नॅनोबाईंच्या शाळेत घ्यावे, अशी विनवणी करू लागला. भाऊ संतापला. त्याचा संताप निव्वळ भित्रेपणाचा नव्हता. शाळेपायी साऱ्या कुटुंबावर संकट ओढवण्याचा संभव होता.

येथेच खरा पेच आहे. स्वतःचे धन द्यावे, स्वतःचा जीवही धोक्यात घालावा. परंतु घरच्यांची सुरक्षितता पणाला लावण्याचा अधिकार आपणांस आहे काय? पुढे घरचा विरोध मावळला, परंतु शेवट गोड झाला म्हणून प्रश्न सुटत नाही. मला वाटते, उत्तर दुसऱ्या एका प्रश्नात आहे. आपल्या घराची सुरक्षितता शेजारच्या मुलाच्या अज्ञानावर उभी असेल, तर तिला आपली म्हणता येईल काय? आपल्या महाराष्ट्रातही १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांना वडिलांचे घर सोडावे लागलेच.

नॅनो यांच्या शाळा सातांवर गेल्या. काकांकडून आलेली संपत्ती त्यांत खर्ची पडली, तेव्हा त्यांनी दारोदार हात पसरला. धन दिले, निर्धास्तपणा दिला, शेवटी मानही दिला. १७७५ साली त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. त्या भगिनी १८४२ साली मद्रासला येऊन पोहोचल्या. नॅनो १७८४ साली प्रभूघरी गेल्या. २०१३ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘वंदनीय’ म्हणून गौरविले.

आपणही देतो. उपवासकाळात पाकिटे भरतो, मंदिराला बाके देतो आणि त्यांवर नावे कोरून घेतो. ते दान खोटे नव्हे. परंतु विधवेच्या दोन नाण्यांकडे पाहणारे प्रभूचे डोळे त्या नावांकडे वळत नसतील. मागे आपण काय राखून ठेवले, तेच ते पाहत असतील.