घाट

मराठीतले काही शब्द वर्षानुवर्षे तोंडात घोळवले तरी त्यांची गोडी सरत नाही. ‘घाट’ हा त्यांतला एक. साताऱ्याकडचा माणूस पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढतो, वाईत कृष्णेच्या घाटावर पाय धुतो, बाजारात तांब्या हातात फिरवून त्याचा घाट बरा आहे का ते पाहतो, आणि घरी येऊन मुलीच्या लग्नाचा घाट घालतो. कोशकार या अर्थांची मुळे निरनिराळी दाखवतील, दाखवोत. बोलणाऱ्याच्या कानात मात्र हे चौघे एका घरातल्या भावांसारखे नांदतात. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांत पाचवा आणून बसवला, तो कवितेचा घाट, कथेचा घाट. वाचकहो, आपल्याला आज या पाचव्याची भेट घ्यायची आहे. पण तिकडची वाट पहिल्या चौघांच्या अंगणातून जाते, आणि तिथे थोडे थांबत थांबतच जायला हवे.

या चिंतनाला निमित्त एका प्रश्नाचे आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला सर्जनशील लेखनाचा प्रकल्प करायचा असतो, आणि कोरी वही पुढ्यात आली की तो विचारतो, “सर, कथा घेऊ की कविता घेऊ? आणि शैली कोणती घेऊ, ग्रामीण की आधुनिक?” प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला हसण्याचे कारण नाही, पण त्यातल्या ‘घेऊ’ या क्रियापदापाशी माझे मन अडखळते. दुकानात मांडलेल्या ठाणांतून कापड घ्यावे तसा साहित्यप्रकार घेता येत असता, तर सर्वांत महागाचे कापड घेणारा सर्वांत मोठा लेखक ठरला असता. घाट घ्यायचा नसतो, घालायचा असतो. आणि तिथेच आपल्या शब्दाचा पहिला पदर सुटतो.

‘घाट घालणे’ म्हणजे खटाटोप मांडणे. घरातली वडीलधारी बाई नेहमी किंचित तक्रारीच्या सुरात विचारते, “कशाला एवढा घाट घातलास?” त्या तक्रारीतही माया असते, कारण सुखासुखी कोणी घाट घालत नाही, आतून काही तरी स्वस्थ बसू देत नाही, म्हणूनच माणूस चुली मांडतो, मांडव घालतो, चार जणांना बोलावतो. लिहू पाहणाऱ्याने प्रकाराचा विचार करण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, की मला हा घाट कशासाठी घालायचा आहे, माझ्याजवळ असे काय आहे जे सांगितल्यावाचून राहवत नाही? उत्तर ‘गुणांसाठी’ असे आले तरी हरकत नाही, फक्त ते शेवटचे उत्तर नसावे. त्याच्या खाली आणखी एक उत्तर असते, आणि ते हाती लागेपर्यंत कथा-कवितेची निवड म्हणजे मुलगी पाहण्याआधी मांडव उभारणे होय.

दुसरा पदर भांड्याचा. कुंभार चाकावर मडके ओढतो तेव्हा बाहेरचा हात आकार देतो असे आपल्याला दिसते, पण आतला हात निघाला तर ते मडके तिथेच बसते. घाट म्हणजे आतल्या पोकळीला बाहेरून मिळालेली सीमा, आणि पाणी राहते ते त्या पोकळीत. सज्जनगडाच्या पायथ्याशी उभे राहून मला नेहमी वाटते, की समर्थ रामदासांना सांगायचे होते ते एकच. पण दासबोधात निवांत बसून ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी त्यांनी ओवीचे ऐसपैस भांडे घेतले, चालता बोलता मनाशी म्हणायच्या श्लोकांसाठी भुजंगप्रयाताची ठाशीव चाल घेतली, एकांतात देवाला आळवताना करुणाष्टके झाली आणि टाळ्यांच्या गजरात चार जणांनी उभ्याने म्हणण्यासाठी आरत्या झाल्या. पाणी एकाच झऱ्याचे. तहान ज्या प्रकारची, त्या प्रकारचा घाट. मिरजेत सतारमेकर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतात, तेव्हाही हेच घडते. भोपळ्याचा आकार वेलीवरच ठरून आलेला असतो. कारागीर तो वाजवून, फिरवून, न्याहाळून ओळखतो, की हा मोठा, खर्जाला घुमेल, पुरुषाच्या गळ्याला जाईल, आणि हा लहान, बायकांच्या पट्टीला लागेल. त्याची निवड म्हणजे ओळखणे असते. तुमच्या मनातल्या विषयालाही वेलीवरच एक घाट आलेला असतो. तो बाहेरून आणायचा नाही, कान लावून ओळखायचा आहे.

तिसरा पदर नदीचा. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेवर जो दगडी घाट आहे, त्याच्या पायऱ्या नदीसाठी बांधलेल्या नाहीत, नदीला उतरायला पायऱ्या लागत नाहीत. त्या येणाऱ्या माणसासाठी आहेत. पावसाळ्यात पाणी वर येते तेव्हा वरची पायरी उपयोगी पडते, उन्हाळ्यात आटते तेव्हा खालची. घागर घेऊन आलेल्या कोणालाही हात पोचेल अशी सोय तिथे आहे. साहित्यातला घाटही वाचकाला पाण्यापर्यंत नेणारी उतरण आहे, म्हणून ‘कोण येणार आहे?’ हा प्रश्न त्याच्या पायातच बसवलेला असतो. सांगलीत १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून एक मंडळी आपले भागवती खेळ घेऊन आली. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले, की असे काही आपल्या भाषेत करा, आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. भाव्यांनी रामकथा शोधून काढली नाही, ती घराघरात होती. कानडी खेळही त्यांचा नव्हता. सूत्रधाराने पदे म्हणावीत आणि पात्रांनी ऐनवेळी सुचेल ते भाषण करावे, अशी पायरी त्यांनी सांगलीच्या माणसाच्या पावलाच्या मापाने बांधली, आणि मराठी रंगभूमी तिच्यावरून खाली उतरली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनीही मैदानात जमलेल्या श्रमिकांसाठी पोवाडा आणि लोकनाट्य घेतले, पण ‘फकिरा’ सांगायचा तेव्हा १९५९ साली कादंबरी लिहिली. कारण मैदानातला माणूस उभ्या उभ्या ऐकतो, आणि एका वंशाची अवघी कहाणी ऐकायला बसकण मारावी लागते.

चौथा पदर डोंगराचा. पसरणीचा घाट चढताना पोराटोरांना वाटते, की रस्ता उगाच वळसे घेतो, सरळ वर का जात नाही. पण वळण डोंगराने ठरवलेले असते, सरळ चढ बैलाच्या छातीला झेपत नाही. काही आशय असेच उभे, कड्यासारखे असतात, त्यांना वळसा घालूनच जावे लागते. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर केसरीत अग्रलेख लिहीतच होते, सरळ रस्ता त्यांच्या पायाखालचा होता; तरी परकीय सत्तेच्या उन्मत्तपणाविषयी जे बोलायचे होते त्यासाठी त्यांनी १९०७ मध्ये विराटाच्या दरबारातून वळण घेतले आणि ‘कीचकवध’ लिहिले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि १९१० मध्ये सरकारनेही त्या नाटकावर बंदी घालून तीच ओळख पटवून दिली. वळणाचा घाट पळवाट नव्हता. माथ्यावर पोचवणारा तोच एक रस्ता होता.

आता हे चारही पदर एका गाठीत बांधून पाहू. समजा, सांगलीतल्या एका मुलाच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शिरले होते, तेव्हा तो शाळेत होता, आणि आज प्रकल्पासाठी त्याला तेच आठवते आहे. एकांकिका त्याला विचारील, माणसे अडकली कुठे? मग वरच्या मजल्यावरची एक खोली दिसू लागते, वर्षभर एकमेकांशी न बोलणारी दोन बिऱ्हाडे, दोघांत मिळून एक स्टोव्ह, आणि जिन्याची एकेक पायरी गिळत येणारे पाणी. कथा विचारील, या चार दिवसांत कोणाचे काय कायमचे बदलले? कविता विचारील, डोळ्यांपुढून काय हलत नाही? कदाचित पाणी ओसरल्यावर भिंतीवर, आजोबांच्या तसबिरीखाली राहिलेली गाळाची रेघ. रोजनिशी विचारील, त्या रात्री तुला काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते? आणि ललित निबंध विचारील, जिला लहानपणापासून माय म्हणालास, तिच्याशी तुझे नाते नंतर कसे राहिले? बारकाईने पाहा, प्रत्येक साहित्यप्रकार हा एक प्रश्न आहे. ज्या प्रश्नाला तुमच्या आतून उत्तर उसळून येते, तो तुमचा घाट. ज्याला उत्तर जुळवावे लागते, तो दुसऱ्या कोणाचा. माणच्या दुष्काळात मेंढरांमागे गेलेल्या बापाची मुलगी हेच प्रश्न आपल्या कोरड्या नदीला विचारील, आणि तिचे उत्तर वेगळ्या घाटाशी थांबेल.

म्हणूनच एका घरात दोन घाट असू शकतात. आटपाडीकडच्या माडगूळकरांच्या घरी थोरले गदिमा गीतांत रमले, आणि धाकटे व्यंकटेश गद्यात. १९५५ सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, छप्पन गीतांनी वर्ष भरून गेले, आणि त्याच १९५५ मध्ये धनगरांच्या वाडीतल्या एका कोवळ्या मास्तराच्या तोंडून ‘बनगरवाडी’ मराठीला मिळाली. माती एक, आई एक, दुष्काळ एक. तरी एकाला रामकथेतल्या निरनिराळ्या पात्रांच्या मुखाने गावेसे वाटले आणि दुसऱ्याला छोट्या, कोरड्या वाक्यांनी माणसे उभी करावीशी वाटली. आणि नवे सांगायला नवाच घाट हवा, असाही हट्ट धरू नये. ज्यांचे मूळ गाव साताऱ्याजवळचे मर्ढे, त्या बाळ सीताराम मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये मांडताना संतांचे अभंग आणि ओवी हाती धरली, घाट शतकांचा, पाणी कालचे, आणि त्या विसंगतीतूनच वाचकाच्या अंगावर काटा उभा राहिला.

राहता राहिली शैली. ‘शैली’ हा शब्द ‘शील’ या शब्दापासून आला आहे, आणि एवढे लक्षात ठेवले तर निम्मी चिंता मिटते. शील कोणी यादीतून निवडत नाही, ते वागण्यातून मुरत जाते. दासबोधाच्या चौदाव्या दशकात समर्थांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितले आहेत: मनाला येईल ते बेधडक जुळवणारे ते धीट, पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांचीच उतरण करणारे ते पाठ, आणि भगवंताच्या कृपेने अंतरातून आपोआप येणारे ते प्रासादिक. तरुण लेखक आज ‘अमुक लेखकाची शैली घेतो’ म्हणतो, तेव्हा तो पाठाच्या पायरीवर उभा असतो. तिथे थोडा काळ उभे राहणे शिकण्यासाठी योग्यच आहे, तिथे बिऱ्हाड करणे योग्य नाही. आजीच्या बोलण्यात जे शब्द येतात ते लपवू नयेत, पुस्तकात भेटलेले शब्द मिरवू नयेत, न पाहिलेले पाहिले म्हणू नये. एवढे शील सांभाळले, की घाटात भरलेल्या पाण्याला स्वतःची चव येते. घाट तुम्ही घालता, शैली तुम्हांला घडते.

तेव्हा मुलांनो, प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘साहित्यप्रकार’ असे लिहून त्यापुढची जागा तूर्त कोरी ठेवा. आधी पंधरा दिवस नुसते टिपून काढा, काय दिसले, कोण काय म्हणाले, काय विसरता येत नाही. मग ते मोठ्याने वाचा आणि घरातल्या एका माणसाला ऐकवा. वाचताना तुमचा आवाज कुठे गाऊ लागतो, कुठे दोघांचे बोलणे वेगळे काढतो, कुठे सावकाश सांगत बसतो, इकडे कान असू द्या. त्यानंतर ती कोरी जागा भरा. आणि शैलीपुढची जागा भरूच नका. ती वाचणारा भरील.