उधारीची वही आणि बारा पायऱ्या

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या टेंभुर्णीत बाजाराची बरीचशी उलाढाल उसाच्या बिलावर चालते. कायद्यानं कारखान्याला ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. बिल लांबलं की खतवाल्याची, किराणावाल्याची उधारी फुगते.

मग जुनं फेडायला नवं कर्ज. व्यसन तरी याहून वेगळं काय असतं?

1935 साली अमेरिकेत दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन शेअर बाजारातला माणूस. त्यामुळेच की काय, संघटनेच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी थेट दुकानातल्या मालमोजणीसारखी आहे: काय उरलं, काय सडलं, न घाबरता लिहायचं. त्याच वाटेनं 1976 मध्ये कर्जबाजाऱ्यांसाठी डेटर्स ॲनॉनिमस सुरू झाली. तिथला नियम साधा आणि भलताच कठीण: आजच्या दिवसापुरतं विनातारण नवं कर्ज नाही, आणि चहाचा खर्चसुद्धा वहीत.

आठव्या पायरीला आपण दुखावलेल्यांची यादी करायची असते. धंद्यात त्यात पुरवठादार येतो, पगार थकलेला गडीही. नववी पायरी त्यांच्यासमोर नेऊन बसवते. फोन बंद न ठेवता झेपेल तो हप्ता स्वतःच सांगायचा.

अर्थात, कारखान्याकडे अडकलेलं बिल ही शेतकऱ्याची सवय नव्हे; तिथं वसुलीच हवी. हौसेनं उचललेल्या गाडीच्या हप्त्यावर मात्र सही त्याचीच असते.