घेणाऱ्याचे देणे

कोलंबिया आणि ब्राझील यांच्या सीमेवर, ॲमेझॉनच्या वायव्य खोऱ्यातील वाउपेस नदीच्या परिसरात देसाना नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या पुराणकथांत वाइ-माह्से हा प्राण्यांचा स्वामी आहे. खडकाळ टेकड्यांच्या पोटात आणि नदीच्या खोल डोहांत त्याची घरे आहेत. तेथे रानातील जनावरे व मासे त्याच्या स्वाधीन असतात, अशी श्रद्धा आहे. शिकार दुर्मीळ झाली की पाये, म्हणजे त्यांचा मांत्रिक, समाधिअवस्थेत त्याच्याकडे जातो आणि काही प्राणी सोडण्याची विनंती करतो. स्वामी ते फुकट देत नाही. मोबदला म्हणून काही माणसांचे आत्मे मृत्यूनंतर त्याच्या घरी धाडण्याचे वचन द्यावे लागते. कारण विश्वातील जीवनशक्ती मोजकीच आहे. जेवढी उपसली तेवढी परत भरलीच पाहिजे. जो शिकारी हाव धरतो, त्याच्या घरी आजार येतो.

गेरार्दो राइखेल-डोल्माटोफ या मानवशास्त्रज्ञाने १९६८ साली स्पॅनिश भाषेत हे विवेचन ग्रंथरूपाने मांडले. त्याचा मुख्य आधार एका शिक्षित देसाना गृहस्थाचे कथन हा होता. तेव्हा साऱ्या जमातीचे एकमुखी तत्त्वज्ञान म्हणून त्याकडे पाहू नये. तरीही त्यातून उठणारा प्रश्न टाळता येत नाही.

आजाराच्या भयाने पाळलेल्या संयमाला नीती म्हणावे काय? शिक्षेच्या धाकाने सचोटीने वागणाऱ्याला आपण सज्जन म्हणत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या कथेचे मर्म भयात नसावे. घेणारा आणि देणेकरी एकच, हे तिचे मर्म आहे. आपल्याकडेही भूतयज्ञात प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवतात. तो भाग ताटातला असतो. देसानांच्या हिशेबात खुद्द माणूसच मोबदला ठरतो.

मी महसूल खात्यात असताना वनजमीन अन्य कामांसाठी देण्याचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानुसार केंद्राची संमती लागे आणि पर्यायी वनीकरणासाठी बहुधा दुसरी जमीन दाखवावी लागे. कागदावर हिशेब चोख जुळत असे. अशीच एक जागा मी काही वर्षांनी प्रत्यक्ष पाहिली. मुरमाड माळ होता आणि रोपांसाठी खणलेले खड्डे रिकामे होते. त्या प्रस्तावावर माझी सही होती. मला कोणी जाब विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री मला झोपही नीट लागली. देणे माझ्या नावावर नव्हतेच. ते त्या गावातील गुराख्यांच्या आणि पुढच्या पिढीच्या नावावर पडले होते.

कायदा निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. तो नसता तर खड्डेही खणले गेले नसते. पण मोबदला भरला की अपराध फिटला, अशी सवय तो मनाला लावतो. पाये मात्र विनंती करण्यासाठी स्वतः त्या टेकडीपाशी जातो.

वाइ-माह्सेवर माझी श्रद्धा बसणे या वयात शक्य नाही. मात्र सही करण्यापूर्वी त्या रानात आणि त्या माळावर एकदा जाऊन उभे राहणे मला सहज शक्य होते. ते मी केले नाही.