अंगावर काढणे हे शील नव्हे

वेरूळला जाणारे बहुतेक प्रवासी कैलास लेणे पाहून परत फिरतात. आपले धम्मबांधव मात्र पहिल्या बारा लेण्यांकडे वळतात, विश्वकर्मा चैत्यातील बुद्धमूर्तीपुढे त्रिसरण-पंचशील म्हणतात आणि मग घरची वाट धरतात. वाचकहो, पुढच्या खेपेस पाचव्या लेण्यात थोडे अधिक थांबा. सुमारे ११७ फूट खोल असे ते दालन आहे. दोन्ही अंगांना भिक्खूंच्या खोल्या आणि मधोमध दोन लांब, बुटके दगडी ओटे. या लेण्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘महारवाडा’ म्हणत आले. जुन्या पुस्तकांतही तेच नाव छापलेले आढळते. ज्यांनी ते दिले त्यांनी मानाने दिले असेल असे मला वाटत नाही. पण हे नाव आज आपण एका वेगळ्या कारणासाठी ध्यानात धरू. या दालनात राहणाऱ्या भिक्खूंना आजाऱ्याच्या सेवेचा एक नियम बांधलेला होता. तो नियम आपल्या आजच्या वस्तीत, आपल्या घरात पाळला जातो काय?

विनयपिटकाच्या महावग्गात त्या नियमाची हकीकत आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह फिरत फिरत त्याच्याजवळ आले. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. तो नाही म्हणाला. का नाही, असे विचारता तो म्हणाला की, मी भिक्खूंच्या काही कामाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजविले. मग संघ जमवून त्यांनी सांगितले की, तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

‘काही कामाचा नाही’ हे त्या भिक्खूचे शब्द पुन्हा वाचा. आजारी माणूस स्वतःविषयी असे म्हणतो, आणि भोवतालच्या सर्वांनी ते आधीच मान्य केलेले असते.

आता समजा, वेरूळ-खुलताबाद भागातील एक सून आहे. बारावी झाली, वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगवर लागली. दिवसभर उभ्याचे काम. घरात दरमहा पगार आणणारी ती पहिलीच बाई. तिला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात अंगावरून जाऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी सक्त विश्रांती सांगितली. ती मात्र दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गाडीत बसली. का? खाडा पडेल म्हणून. कंत्राट पुढे वाढणार नाही म्हणून. ‘यांना कामावर घेतले की असेच होते’ हे सुपरवायझरचे वाक्य शेजारणीबद्दल तिने ऐकले होते म्हणून. आणि घरी आत्याबाई म्हणाल्या होत्या, “आम्ही नाही का बाळंत झालो?” तिने दुखणे अंगावर काढले. अशी सून तुमच्या माहितीत नसेल तर तुम्ही भाग्यवान आहात. मला वाटते, बहुतेकांच्या माहितीत आहे.

प्रश्न असा की, तिने केले ते सोशिकपण म्हणजे सद्‌गुण होय काय? आपल्यात पुष्कळजण होय म्हणतील. आमच्या आज्या बांधावर बाळंत झाल्या आणि चौथ्या दिवशी खुरपे घेऊन निघाल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचे बळ मोठे होतेच. पण ज्या परत आल्या त्यांच्याच कथा सांगितल्या जातात. ज्या बांधावरच राहिल्या त्यांची कथा सांगायला कोण उरले? आणि त्या चौथ्या दिवशी निघत, त्या काही व्रत म्हणून नव्हे. वेठ होती, बलुते होते, पाटलाचे बोलावणे होते. जबरदस्तीने सोसलेल्या गोष्टीला मागाहून सद्‌गुणाचे नाव देणे ही गुलामाने आपल्या बेडीला चांदीचा मुलामा देण्यासारखी गोष्ट आहे.

बाबासाहेबांनी हा मुलामा दिला नाही. १९२८ साल पाहा. त्या वर्षी मुंबई कायदे मंडळात त्यांनी महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्याच सभागृहात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा मोठा भार खरे तर सरकारनेच उचलला पाहिजे, परंतु ज्या मालकाला स्त्रियांच्या श्रमातून नफा होतो त्यानेही तो टाळू नये, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या कायद्यात दुरुस्ती मांडणारेही तेच. वेठ नाकारणे आणि रजा मागणे या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या लढाया नव्हत्या. दोन्हींत माणूस आधी आणि काम नंतर.

कोणी म्हणेल, खंती म्हणजे क्षमाशीलता, सहनशीलता ही तर पारमिता आहे. खरे आहे. पण त्याच महावग्गात भगवंतांनी आजाऱ्याचे गुणही सांगितले आहेत. वेदना सोसता येणे हा त्यांतला एक. परंतु त्याच यादीत हेही आहे की, रुग्णाने पथ्य पाळावे, औषध घ्यावे, आणि आपला आजार शुश्रूषा करणाऱ्याला आहे तसा सांगावा; वाढला असेल तर वाढला म्हणून, उतरला असेल तर उतरला म्हणून, आहे तसाच असेल तर तसे. जो हे लपवितो त्याची सेवा करणे कठीण, असे भगवंत म्हणतात. म्हणजे सोसावे ते सांगून सोसावे. औषधाने जे दूर होईल ते लपवून सोसणे ही खंती नव्हे.

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. लग्नसराई आली की आपल्यातील किती नोकरदार खोटा डॉक्टरी दाखला जोडून ‘मेडिकल’ टाकतात? मुसावादा वेरमणी आपण दर रविवारी विहारात म्हणतो. त्या खोट्या दाखल्याची किंमत ती खरोखर आजारी असलेली सून भरते, कारण साहेबाने दहा खोटे दाखले पाहिलेले असतात आणि अकरावा तिचा असतो. आणि तिने स्वतः सुपरवायझरला ‘मला काही होत नाही’ म्हणून सांगणे, हेही असत्यच. भीतीपोटी बोललेले आहे, म्हणून मी तिला दोष देणार नाही. दोष देईन तो ज्यांनी ती भीती घातली त्यांना.

त्यांत मालक आले. सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराप्रती पाळावयाच्या पाच गोष्टी आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात सेवा करणे, चांगलेचुंगले वाटून खाणे आणि वेळेवर रजा देणे. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात हा भाग मुद्दाम घेतला आहे. आजारपणाची सेवा आणि वेळेवरची रजा या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगितल्या आहेत, हे ध्यानात घ्या. गरोदर बाईला तर एकाच वेळी दोन्ही लागतात.

कायद्यानेही त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि हे आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते. संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने प्रसूतिसाहाय्याची तरतूद करण्यास राज्याला सांगितले. १९६१ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे करण्यात आली, त्यांतील ८ आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी घेतलेल्या आहेत. याशिवाय गरोदरपणातून उद्‌भवलेल्या आजारासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर एक महिन्यापर्यंतची जादा पगारी रजा आहे. म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या आजारासाठी बाळंतपणाची रजा आत्ताच संपवून टाक, असे तिला कोणी सांगितले तर ते बरोबर नाही. आदल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेले असावे, एवढी अट आहे. रजेवर असताना तिला काढून टाकणे किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणे बेकायदेशीर आहे. राज्य कामगार विम्याखाली येणाऱ्या बाईला ही रक्कम विमा महामंडळाकडून मिळते. आणि रोजंदारीवर आहे म्हणून हक्क नाही, हेही खरे नव्हे: दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री-मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्यांना हा लाभ दिला.

कायद्यात उणीव आहे. विम्याबाहेरच्या ठिकाणी सारा पगार मालकाच्या एकट्याच्या डोक्यावर येतो, म्हणून काही मालक लग्न झालेल्या मुलीला कामावरच घेत नाहीत. सरकारने भार उचलावा हे १९२८ चे म्हणणे येथे पुन्हा आठवते. आणि शेतात किंवा लेण्यांजवळच्या हातगाडीवर राबणाऱ्या बाईला तर कोण मालक? तिच्यासाठी पहिल्या अपत्याला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आणि सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी, एवढे तरी आहे. ते सोडू नये.

पण वाचकहो, सर्वांत कठोर मालक मला कारखान्यात दिसत नाही. रजा मंजूर होते, बाई घरी येते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हंडा तिच्याच कमरेवर असतो. ‘घरीच तर आहे’ या तीन शब्दांनी तिची रजा संपते. पाहुणे येतात, भाकरी तीच थापते, जाऊबाई तोंड फिरवितात. शक्तीप्रमाणे काम आणि वेळेवर रजा या गोष्टी आधी चुलीपाशी लागू केल्या पाहिजेत, मग सुपरवायझरला सुनवावे. नवऱ्याने आठवडाभर पाणी भरल्याने त्याची धम्मदीक्षा बाटत नाही. खुद्द भगवंतांनी पाणी ओतले होते. सासूबाईंना मी विनंती करीन की, नवस बोलण्यात आणि ग्रहणात विळीला हात लावू न देण्यात जी कळकळ खर्च होते ती रक्त तपासून घेण्यात करावी. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या रक्तात लाली कमी आढळते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नवस बोलला जातो तो बहुधा अशाच वेळी, आणि भीतीमुळेच. तिथे रागावण्याऐवजी रुग्णालयाची गाडी मागवावी. अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांत एक दिवसही थांबू नये.

परत कामावर जाण्याची घाईही तिच्यावर लादू नका, आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर मोडताही घालू नका. काही घरांत तिचा पहिला आजार हा नोकरी सोडविण्याचा मुहूर्त ठरतो. पगार तिचा, पोट तिचे; निर्णयात पहिला शब्द तिचा असावा. परत जाताना उभ्याचे काम बदलून बैठे मागावे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या शेवटच्या काही आठवड्यांत तर तिने मागणी केल्यास फार वेळ उभे राहण्याचे किंवा जड काम तिला देता येत नाही, असा कायदाच आहे. मागणी लेखी असावी. अर्ज दोन प्रतींत लिहावा, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यावा, डॉक्टरांच्या दाखल्याची नक्कल घरी ठेवावी. नवऱ्याने त्या दिवशी तिच्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत जावे, आणि अर्ज कोणी घेतला त्याचे नाव व तारीख वहीत लिहून ठेवावी.