लटका संसार

सचिन पिळगावकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट १९८८ साली आला. हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावर तो बेतलेला असला, तरी मराठी घरांनी तो आपलाच मानला. पुण्याच्या लीलाबाई काळभोर यांना भाडेकरू हवेत ते विवाहितच. मग डोक्यावर छप्पर नसलेल्या चार मित्रांपैकी सुधीर आणि परशुराम साड्या नेसून सुधा व पार्वती होतात. धनंजय आणि शंतनू त्यांचे 'यजमान'! आपण पोट धरून हसतो आणि हसता हसता त्यांना दोषमुक्तही करून टाकतो. बिचाऱ्यांनी करावे तरी काय?

हा प्रश्न पडद्यावरच राहिलेला नाही. अंधेरी-बोरिवलीत भाड्याची जागा शोधणाऱ्या एकट्या तरुणाला तो आजही भेडसावतो. कोठे धर्म आडवा येतो, कोठे ताटातील मासळी, कोठे अविवाहितपण. मग कोणी 'लग्न ठरले आहे' म्हणून वेळ मारून नेतो. अशी अट घालणारा त्या असत्यात भागीदार नाही काय? माझ्या मते आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार सांगितले: गमतीचे, गरजेचे आणि घातक. गरजेचे असत्य त्यांनी सौम्य मानले. निर्दोष मात्र नव्हे. हा निवाडा कठोर वाटतो खरा. पण पार्वतीचे डोहाळजेवण आठवावे. जे बाळ कधी येणारच नाही, त्याचे ते कोडकौतुक! चौघांना हवी होती केवळ जागा. फसवली गेली ती एका वृद्धेची माया. ही गोष्ट भाड्याच्या हिशेबात बसत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राम नेमके उलट करतो. मिसर देशात जिवाच्या भीतीने तो पत्नी सारायला बहीण म्हणवतो. भय खोटे नव्हते. परंतु फारोच्या वाड्यात जावे लागले ते सारायला, पीडा भोगली ती फारोच्या घराण्याने; अब्रामाच्या वाट्याला मात्र मेंढरे, गुरे आणि उंट आले! चौघा मित्रांतही साडीचा जाच धनंजयला नाही, सुधीर-परशुरामलाच आहे.

आणि अट घालणारे? मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीच्या सभेत 'जागा केवळ कुटुंबांनाच' असा ठराव वाचला जातो, तेव्हा या चित्रपटाला खळखळून हसलेल्यांपैकी किती हात विरोधात वर होतात?