नको म्हटलं की नको?

नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं. १५ तारखेला, ८७व्या वर्षी ते गेले. आमच्या गोंडपिपरीत त्याला कुणी आजार म्हणत नाही. पण अ‍ॅनोरेक्सियानं हाडं दिसू लागलेली तिशीतली बाई ताट सरकवते, तेव्हा?

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यानं माणूस असमर्थ ठरत नाही. पटतं. तरी जीव जात असेल तर नळीनं भरवावं, असं माझं मत. उपाशी मेंदू आणखी हट्टी होतो. अंगात थोडं बळ आलं की तिला पुन्हा विचारता येतं. भरवायचंही हळूहळू, नाहीतर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकतं.

आणि दहा वर्षांत पाचव्यांदा नळीची वेळ आली तर? तेव्हा मी आधी तिचं ऐकेन.