सगळेच जपायचे का?

३६ फोटोंचा रोल असे, तेव्हा स्नानसंस्काराला दहाबारा फोटो काढून आम्ही हात आवरता घेत असू. कोडॅकने १९९१ साली विकायला काढलेला डिजिटल कॅमेरा १.३ मेगापिक्सेलचा होता. २०२० मध्ये काही मोबाइलांत १०८ आले. पिक्सेल वाढले तशी फाइल फुगली. ७०० एमबीची सीडी अपुरी पडली. मग हार्डडिस्क, आणि ती बिघडेल म्हणून आणखी एक!

आईच्या महिन्याच्या मिस्सासाठी कार्ड छापायचे होते. आम्ही भावंडे तिचा फोटो शोधायला बसलो. फोटो हजारो, बहुतेकांत ती कडेला, कुणाला तरी वाढताना. (कॅमेरा आमच्याच हातात होता ना!) शेवटी जुन्या अल्बममधलाच घेतला.

आता जागा भरली आहे, काहीतरी पुसायला हवे. एकात तिचा नुसता हात आहे, पळीसकट. तो पुसायला बोट धजत नाही. पण इतकी वर्षे तो आम्ही पाहिला तरी होता का?